सॅम आला की आली

विमानतळावर बाबांनी, म्हणजे तुमच्या पणजोबांनी, रडारडीला वेळच दिला नाही. ते निवृत्त हेडमास्तर. आई माझ्या बॅगेत लिंबाच्या लोणच्याची बाटली कोंबत होती आणि बाबा शेवटची परीक्षा घेत होते. विद्यार्थिनी तुमची आई, शुभा, वय वर्षं सात.

"पुस्तक?"

"ते पुस्तक!"

"विमान?"

"ते विमान!"

"मूल?"

"ते मूल!"

"घर?"

"ते घर!"

"शाबास. एकही चुकलं नाही." मग बाबा माझ्याकडे वळले. "तिकडची थंडी, पाऊस, सगळं सोस. पोरीचं व्याकरण तेवढं सांभाळ. लिंग चुकलं की आपला माणूस परका वाटायला लागतो."

बाबांचं वाक्य बर्मिंगहॅमला सुखरूप पोचलं. लोणचं वाटेत फुटलं. माझ्या इंग्रजीतल्या एम.ए.च्या सर्टिफिकेटला अजूनही लिंबाचा वास येतो.

अनया, ईशान, तुम्ही परवा वेलिंग्टनहून फोनवर विचारलंत, "आजी, आई आणि मम्‌बद्दल तुला कधी कळलं?" खरं उत्तर असं, की सगळ्यात शेवटी. आणि त्याला कारण माझं उत्तम व्याकरण. आता हे नीट, क्रमाने सांगते. अडेल तिथे आईकडून वाचून घ्या.

तुमचे आजोबा डॉक्टर, आमच्या आधीच हॉस्पिटलात रुजू झालेले. ते दिवसभर ड्यूटीवर, शुभा शाळेत, आणि मी खिडकीशी बसून समोरच्या घराचं धुराडं पाहत असे. तेव्हा ऐंशीचं दशक नुकतं सुरू झालं होतं. शेवटी एक दिवस उठले आणि लायब्ररीत गेले. तिथे काही पुस्तकांच्या पाठीवर रॉकेटचं स्टिकर होतं. मला वाटलं, रॉकेट म्हणजे विज्ञान, शुभाच्या अभ्यासाला बरं. एक उचललं. मुखपृष्ठावर दोन बायका हातात हात घालून उभ्या, वर आकाशात दोन चंद्र. बहिणी असाव्यात, असं धरून चालले.

अर्ध्या पुस्तकात बहिणींनी एकमेकींचं चुंबन घेतलं. मी पुस्तक मिटलं. उठून आमटीखालचा गॅस बंद केला. मग परत उघडलं, कारण त्यांच्या यानातला ऑक्सिजन संपत आला होता आणि दोघी वाचतात की नाही, हे कळायला हवं होतं.

वाचल्या. दुसऱ्या आठवड्यात मी त्याच फळीपाशी उभी होते.

ती पुस्तकं मला का आवडली, ते माझ्या पुण्याच्या मैत्रिणींना मी कधी समजावू शकले नाही. त्यांत माणसं नव्या ग्रहावर उतरायची आणि त्यांना काहीच कळायचं नाही: कोणाला काय हाक मारायची, कधी हसायचं, दारात बूट काढायचे की नाही. ती माझीच गोष्ट होती. फक्त माझ्या ग्रहाला एकच चंद्र होता आणि तोही ढगाआड.

"काय वाचतेस एवढं?" आजोबा विचारायचे.

"भूगोल."

"कुठला?"

"अहो, लांबचा आहे."

लायब्ररीत या पुस्तकांचा एक ग्रुप भरायचा. तो चालवायचा डेरेक, निवृत्त बसड्रायव्हर, कार्डिगनच्या खिशात कायम पेपरमिंट. साडी नेसून गेले त्या दिवशी त्याने मला वाट दाखवली, "योगा वरच्या मजल्यावर, लव्ह." मी म्हटलं, मी योगासाठी नाही, दोन चंद्रांसाठी आलेय. त्याने स्वतःची खुर्ची दिली.

आमचं सगळ्यात मोठं भांडण एका कादंबरीवरून झालं. तिच्यात समुद्राने भरलेला ग्रह होता. तिथली माणसं वयात आली की बाई व्हायचं की पुरुष, हे स्वतः ठरवायची. जहाजाच्या कॅप्टनने काहीच ठरवलं नव्हतं, आणि त्या कॅप्टनचं दुसऱ्या जहाजाच्या कॅप्टनवर प्रेम होतं. आता इंग्रजीत याला 'ही' म्हणायचं, 'शी' म्हणायचं की 'इट'? डेरेक म्हणाला, "इट तर मी मांजरालाही म्हणत नाही."

मी म्हटलं, तुमचं सोपं आहे. तुम्हाला निदान 'कॅप्टन केम' म्हणता येतं. आमच्याकडे कॅप्टन आला, आली की आलं, हे ठरवल्याशिवाय माणूस दारातून आतच येऊ शकत नाही.

"मग तुम्ही काय म्हणाल?"

"ते. मुलांना आणि पिल्लांना आम्ही ते म्हणतो. आदराने नवऱ्यालाही."

"म्हणजे डॉक्टरसाहेब आणि कुत्र्याचं पिल्लू, शब्द एकच?"

"शब्द एकच. पिल्लू असेल तर ते आलं, डॉक्टर असतील तर ते आले."

डेरेकला इतकं हसू आलं की पेपरमिंट घशात अडकलं.

पुढे कौन्सिलांनी समलिंगी संबंधांचा प्रचार करू नये, असा नवा कायदा आला आणि कौन्सिलच्या लायब्रऱ्या असल्या पुस्तकांना बिचकायला लागल्या. आमच्या खोलीला अचानक रंग द्यायचं निघालं, आणि तो रंग काही वाळेना. मग मी सगळ्यांना आमच्या लाउंजमध्ये बोलावलं. आजोबांना सांगितलं, वाचन मंडळ. डेरेकला चिवडा फार आवडला, फक्त कढीपत्ता तो बशीच्या कडेला ओळीने लावून ठेवायचा.

एव्हाना शुभा लीड्सला युनिव्हर्सिटीत गेली होती. घरी येणं हळूहळू थांबलं. दिवाळीलाही आली नाही. फक्त रविवारी फोन. मला वाटायचं, पोर हातातून चालली. आणि फोनवर सारखं सॅम, सॅम. शिवाय व्याकरणाचा पार चुथडा.

"आई, काल सॅम आली होता."

"आला की आली? एक काहीतरी धर."

"तुला काय वाटतं?"

"मला काय वाटायचंय? सॅम ना? मग आला."

"बरं. आला."

अशी मी दर रविवारी तुमच्या मम्‌ला पुरुष करत होते. सॅम स्वयंपाक शिकली? शिकला. सॅम खूप हसते? हसतो. बाबा असते तर मला पैकीच्या पैकी मार्क देते.

शेवटी मीच म्हटलं, "सॅमला घेऊन घरी ये. आम्ही काही म्हणणार नाही. इंग्रज तर इंग्रज." ती हो म्हणाली, पण आवाज असा, जणू दाढ काढायला निघाली आहे. आजोबांनी तयारी केली. "रात्री त्याला घालायला माझा नवा लेंगा काढून ठेव, तो लांब आहे. ही पोरं उंच असतात." बाथरूमच्या आरशासमोर उभं राहून 'व्हॉट आर युअर प्रॉस्पेक्ट्स?', म्हणजे पुढे कमावणार काय, हे चार सुरांत म्हणून पाहिलं.

यायचे होते संध्याकाळी. ट्रेन आधीची मिळाली आणि दुपारीच आले. लाउंजमध्ये मंडळ भरलेलं, पुन्हा तीच कॅप्टनची कादंबरी. शेवटी कॅप्टन आपल्या जोडीदाराला घेऊन आईच्या बेटावर परततात, तिथे गोष्ट संपते. डेरेकचं म्हणणं, आईला आधी सगळं नीट सांगायला हवं होतं. मी तावातावाने बोलत होते, "त्या आईला काय करायचंय, डेरेक? दोघं एकमेकांवर प्रेम करतात, दारात उभी आहेत, भुकेली आहेत. तिने फक्त दोन पानं जास्त घ्यायची. टू प्लेट्स. दॅट्स ऑल."

मागे काहीतरी पडलं. वळून पाहिलं तर शुभाच्या हातातून बॅग सुटली होती. तिच्या शेजारी एक उंच मुलगी, केस बारीक कापलेले, पायांत हे एवढे बूट, हातात फुलं.

"आई," शुभा म्हणाली. चेहरा पांढराफटक. "ही सॅम."

ही. एकच अक्षर, आणि अगदी बरोबर.

मुलांनो, दुसऱ्या ग्रहावर उदार असणं फार सोपं असतं. माझ्या डोक्यात त्या क्षणी पुणं, इथल्या मराठी मंडळातल्या बायका, आजोबांचा लेंगा, सगळं एकदम धावून आलं. वर्षानुवर्षं पुस्तकं वाचून मी काय बोलले असेन?

"बूट काढा," मी म्हटलं. "दोघी."

शुभा तिथेच पायरीवर बसून हमसाहमशी रडायला लागली. सॅमला वाटलं मी हाकलून दिलं. ती घाईघाईने फुलं परत कागदात गुंडाळायला लागली. डेरेकने चिवड्याची बशी खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "टू प्लेट्स, देन."

मग स्वयंपाकघरात मी शुभाला म्हटलं, "लीड्सला जाऊन आला-आली विसरलीस की काय?"

"विसरले नाही गं. सात वर्षांची असल्यापासून येतंय. मुद्दाम चुकत होते." तिने पदराला नाक पुसलं. माझ्या. "आला म्हटलं तर खोटं. आली म्हटलं आणि तू फोन ठेवलास, तर मग मी रविवारी कोणाला फोन करू?"

मी पोळ्या लाटत राहिले. गोल एकही आली नाही.

आजोबा हॉस्पिटलमधून आले, सॅमकडे पाहिलं, शुभाकडे पाहिलं, आणि पाठ केलेला प्रश्न तोंडातून निघून गेला. "व्हॉट आर युअर प्रॉस्पेक्ट्स?"

"मी हीटिंग इंजिनिअर होतेय," सॅम म्हणाली.

आजोबांनी कोट काढून खुंटीला लावला. मग म्हणाले, "आमचा बॉयलर आवाज करतो."

बॉयलर त्याच संध्याकाळी दुरुस्त झाला. आजोबांना वर्ष लागलं. त्या वर्षात ते सॅमशी फक्त बॉयलरबद्दल बोलले, पण बॉयलरबद्दल इतकं बोलण्यासारखं असतं, हे मला ठाऊक नव्हतं. सॅमला मात्र वाटत होतं, त्यांचं नावच 'अहो'. एके दिवशी तिने सगळ्यांसमोर विचारलं, "अहो, चहा?" आजोबा आधी लाजले, मग हसले, मग चहा घेतला. ती त्यांना अजून अहोच म्हणते, हे तुम्हाला माहीत आहेच.

लोक मला विचारतात, तुमचं घर कुठलं, पुण्याचं की बर्मिंगहॅमचं? पूर्वी मी अडखळायचे. आता तुम्हीही पृथ्वीच्या पार दुसऱ्या टोकाला, म्हणजे उत्तर आणखी अवघड व्हायला हवं होतं. पण बाबांनी त्या दिवशी विचारलेले शब्द आठवतात: पुस्तक, विमान, मूल, घर. चारही शब्द 'ते'. तो नाहीत, ती नाहीत; घरालाही 'एक काहीतरी धर' म्हणायची गरज नाही. शाळेत शिकले होते, अर्थ कळायला मात्र आमच्या दारात बूट निघावे लागले.

फोनवर तुमच्या चुका मी अजूनही सुधारते, ती सवय जायची नाही. फक्त हल्ली आधी विचारते, "चुकून की मुद्दाम?"

अनया प्रत्येक वेळी म्हणते, "मुद्दाम." धादांत खोटं बोलते. मी पुढचं वाक्य विचारते.