हळकुंडाची सावली

उंबऱ्यात बसून आम्ही दोघांनी सुंदराच्या छातीचा फोटो मावळत्या उन्हाकडे धरून बघितला. सुंदरा माझी बायको; तिच्याबरोबर केलेलं ते शेवटचं साधं काम. दुसऱ्या सकाळी तो डॉक्टरला दाखवायचा होता. तांबूस ऊन तिच्या फासळ्यांतून झिरपून तिच्याच लुगड्यावर पडलं होतं. "धुक्यातलं रान दिसतंय," ती म्हणाली. खोकल्याचं तिला काही पडलं नव्हतं. फोटोत गळ्यापाशी ती काहीतरी शोधत होती.

सुंदरा शाळेत गेली नाही. मीही दोनच यत्ता, मग गिरणीचा भोंगा. पण ती कळेपर्यंत विचारायची. "इचारल्याबिगर पटत न्हाय मला." त्याच दिवशी सोलापुरातल्या दवाखान्यात फोटोवाल्याने मंगळसूत्र काढायला सांगितलं, तर ही हटूनच बसली. "ह्ये बसल्यात की समोर धडधाकट. गळा मोकळा कशाला करू?"

तो बिचारा समजावू लागला. "मावशी, हाही एक उजेडच. डोळ्यांना दिसत नाही एवढंच. कातडं, मांस, सूत ओलांडून जातो. सोनं त्याला अडवतं, मग मागची छाती दिसत नाही."

"मंजी उन्हाचा भाऊ?"

"भाऊच. रेडिओचा आवाज आणतात त्या लाटासुद्धा. कुणाच्या लाटा लांब, कुणाच्या बारीक. मोकळ्या आभाळात धावतात सगळ्या सारख्याच."

"आमच्यावानी," ती हसली. "ह्येंची ढांग लांब, माझं पाऊल बारीक. पोचतो संगंच."

"मी थांबतो म्हणून."

"थांबा की मग."

तोड तिनेच काढली. मंगळसूत्र काढावं लागलं तर आमच्यात पिवळ्या दोऱ्यात हळकुंड बांधतात. ते मी माझ्या हाताने बांधलं, तेव्हा ती यंत्रापुढे उभी राहिली. बाहेर येऊन म्हणाली, "कायतरी आरपार गेलं म्हनं, आन कळलं सुदीक न्हाय."

उंबऱ्यात ती तेच हळकुंड शोधत होती. "हितं बघा, पुसट. तुमी हाय ह्यात." मला काही दिसेना. हो म्हणालो.

"आता मंगळसूत्र घाल."

"डॉक्टर परत फोटू काढ म्हनला तर? उद्या तुमीच घाला."

दिवा लावायच्या आत तिला धाप लागली. माझ्या मांडीवरच गेली. रात्रीच अग्नी दिला, हळकुंड गळ्यात तसंच होतं. बायका म्हणाल्या, सवाष्ण गेली, भाग्याची. असेल.

आमच्यात राख दुसऱ्याच दिवशी सावडतात. सकाळी डब्यातलं मंगळसूत्र काढून मी माझ्या गळ्यात घातलं, सदऱ्याची बटणं वरपर्यंत लावली आणि स्मशानात गेलो.