एका सीपीयूत दोन बिऱ्हाडं

कोल्हारला मनमाड रस्त्याच्या कडेला, पंक्चरवाल्याच्या शेजारी, पीरमहंमद पेंटरांचं रेडियमचं दुकान आहे. ब्रश सुटून बरीच वर्षं झाली, तरी गाव त्यांना पेंटरच म्हणतं आणि तेही ओ देतात. एके काळी जत्रांतल्या नाटकांचे पडदे त्यांनी रंगवले. राजवाडा, अरण्य, नदीचा घाट. त्यांच्या राजवाड्यापुढे उभं राहिलं की भाड्याचा मुकुट घातलेल्या नटाचीही मान आपोआप ताठ व्हायची. पुढे पडद्यांचे दिवस सरले, दुकानांच्या पाट्या आल्या, त्याही फ्लेक्सने खाल्ल्या. पेंटर कुणावर रुसले नाहीत. रेडियम कापायचं मशीन घेतलं, जुना कॉम्प्युटर घेतला, आणि टेम्पो-ट्रॅक्टरच्या काचांवर नावं लावू लागले.

फक्त बाजारातली तयार अक्षरं त्यांना पटेनात. "ही अक्षरं न्हाईत, कवायतीला उभे केलेले शिपाई हायेत," असं म्हणायचे. मग त्यांनी स्वतःच्या वळणाची सगळी बाराखडी कागदावर काढली आणि एकेक अक्षर कॉम्प्युटरमध्ये उतरवलं. बरं झालं उतरवलं, कारण त्यानंतर उजव्या हाताला कंप सुटला. आता पेंटरांचं अक्षर त्यांच्या हातात राहिलं नव्हतं. ते राहिलं होतं त्या मशीनच्या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये, आणि ते सॉफ्टवेअर चालायचं फक्त जुन्या विंडोजवर.

त्यांची धाकटी, शिफा, नगरला डिझाइनचं शिकून आली आणि दुकानातच बसते म्हणाली. पेंटरांना आभाळ ठेंगणं झालं. पण तिच्या कामाला नवी विंडोज हवी, आणि कॉम्प्युटर तर एकच.

"तुमचं आहे तसंच राहील, अब्बा. त्याच्या शेजारी नवी टाकते," ती म्हणाली.

"टाक की," पेंटर म्हणाले. मनात मात्र त्यांना धास्ती होती. रंगाच्या धंद्यात शेजारी म्हणून काही नसतं. एका पाटीवर एकच नाव. नवं लिहायचं तर जुन्यावर पांढऱ्या रंगाचा हात मारायचा, आणि मग खालचं कुणी काढून देऊ शकत नाही.

दुसऱ्या सकाळी त्यांनी नेहमीप्रमाणे दुकान उघडलं. जुना कॉम्प्युटर उठायला फार वेळ लावायचा, म्हणून बटण दाबून ते लगेच बाहेर जायचे. झाडून घ्यायचे, पाण्याचा शिडकावा करायचे, पंक्चरवाल्याशी दोन शब्द बोलून चहाचा कप घेऊन आत यायचे. त्या दिवशी आत आले तर पडद्यावर नवाच देखावा. निळसर उजेड, अनोळखी चिन्हं. त्यांच्या अक्षरांचं चिन्ह कुठेच नव्हतं. तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच.

झालं. हात मारला गेला.

पेंटर खुर्चीत बसून राहिले. पोरीने मुद्दाम केलं नव्हतं. ती तर 'आहे तसंच राहील' म्हणाली होती. आता सांगावं तर तिच्या जिवाला लागेल, आणि दुकानात रमू पाहणारी पोर बिचकेल. रंगमंचावर सहकाऱ्याचं वाक्य चुकलं तर बाकीच्यांनी सांभाळून घ्यायचं असतं. पेंटरांनी सांभाळून घ्यायचं ठरवलं. गिऱ्हाईक आलं की सांगायचे, मशीन बिघडलंय. शिफाला वाटलं, अब्बांचा हात दुखत असेल, म्हणून काम घेत नाहीत. तिनेही विचारलं नाही. दोघं एकमेकांना जपत एकाच दुकानात गप्प बसून होते.

ही कोंडी फोडली देवळाली प्रवऱ्याच्या अजिनाथने. तो घोडेगावच्या बाजाराला गाई पोचवतो. नवा टेम्पो घेऊन दारात उभा राहिला.

"पेंटर, काचंवर आईचं नाव टाका. लंकाबाई. खाली देवळाली प्रवरा. आधीच्या टेम्पोवर हुतं तस्संच."

"मशीन बंद हाय रं."

"मागच्या आठवड्यात पन बंदच हुतं म्हने. मशीन हाय का सरकारी नळ?"

"राहुरीला जा. तिथं झकास करून देतील."

"तिथलं नको. तिथं आईचं नाव काढलं तर औषधाच्या बाटलीवर लिवल्यावानी दिसतंय. आई म्हनली, पेंटरचंच पायजे."

पेंटरांनी मान वळवली आणि उगीच कपाटातला रेडियमचा गुंडाळा सारखा केला. शिफा आतून हे ऐकत होती.

"अब्बा, मशीनला काय झालं?"

"काय न्हाई. ऱ्हाऊ दे."

"मशीन चांगलं आहे. मी परवाच पुसलं." ती समोर येऊन उभी राहिली. "तुम्ही तुमची विंडोज उघडत का नाही?"

मग पेंटरांना बोलावंच लागलं. "कुठून उघडू, बेटा? ती गेली. तुझा दोष न्हाई. नव्याचा हात बसला की जुनं जायाचंच."

शिफा त्यांच्याकडे बघतच राहिली. "सकाळी चालू केल्यावर काळ्या पडद्यावर दोन ओळी येतात ना? त्यातली खालची तुमची."

"कसल्या ओळी?"

"चालू केल्यावर तुम्ही कुठं असता?"

"भाईर. पानी मारत," उत्तर अजिनाथनेच दिलं. "सगळ्या कोल्हारला म्हाईत हाय."

शिफा कॉम्प्युटरसमोर बसली. तिने कॉम्प्युटर बंद केला, पेंटरांना शेजारी ओढून बसवलं आणि पुन्हा बटण दाबलं. काळा पडदा आला. त्यावर पांढऱ्या इंग्रजी अक्षरांत खरोखर दोन ओळी. तिने बाणाचं बटण दाबून खालची ओळ धरली.

"एकाच सीपीयूत दोन बिऱ्हाडं आहेत, अब्बा. मधे भिंत. तुमच्या बिऱ्हाडाला मी हातही लावलेला नाही. हा काळा पडदा विचारतो, कुणाकडं जायचं. थोडा वेळ वाट बघतो, कुणी बोललं नाही तर आपणच माझ्याकडं सोडतो."

"खाली काय लिवलंय माझ्याम्होरं?"

"'आधीची विंडोज'. नाव घेत नाही ती, नुसती आधीची म्हणते."

"सवत हाय म्हना," अजिनाथ दारातून म्हणाला.

पडदा उजळला. हिरवं माळरान, निळं आभाळ, आणि कोपऱ्यात मशीनचं चिन्ह. पेंटरांनी ते उघडलं. 'अ' पासून सगळी अक्षरं जागच्या जागी होती. चष्मा काढून त्यांनी सदऱ्याला पुसला, आणि पुसतच राहिले.

"तुमची वर घेऊ का?" शिफाने विचारलं. "म्हणजे तुम्ही बाहेर असलात तरी आपोआप तीच उघडेल."

पेंटरांनी विचार केला. "नको. तुझीच ऱ्हाऊ दे. काम तुझं वाढायचंय. पन त्याला जरा दम धरायला सांग. मानूस आत येऊस्तवर तरी थांब म्हनावं."

शिफाने नव्या विंडोजमध्ये जाऊन थांबायचा वेळ पाव तासावर नेला. आणि 'आधीची' खोडून तिथे इंग्रजीत 'अब्बा' असं लिहिलं. मग पुन्हा जुन्या विंडोजमध्ये येऊन लंकाबाईंचं नाव कापायला घेतलं. मशीनचं पातं तांबड्या रेडियमवरून सरसरत गेलं. शिफा चिमट्याने जास्तीचं रेडियम सोलत होती. सोलता सोलता तिचा हात मंदावला.

"ही अक्षरं माझ्याकडंही घेऊ का, अब्बा? नव्या विंडोजला चालतील अशी करता येतात. वेळ लागेल, पण येतात."

पेंटर 'देवळाली'कडे बघत होते.

"घे. पन तो ळ तसा नेऊ नको. तो मला कवाच साधला न्हाई. उजवं पोट सुजल्यावानी दिसतंय."

"इतक्या वर्षांत कुणाला दिसलं नाही ते."

"मला दिसत हुतं की."

"आता माझ्या काचंवर सुजलेला ळ लावनार का?" अजिनाथने विचारलं.

"थांब जरा. दुसरा देतो."

शिफाने ळ मोठा करून पडद्यावर घेतला आणि माऊस हातात धरला. पेंटरांनी बोट पुढे केलं, पण ते थरथरत होतं, म्हणून हात मांडीवर ठेवून ते नुसतं बोलू लागले.

"खाली घे. अजून. आता पोट आत."

तिने वळण आत ओढलं.

"लई झालं," पेंटर म्हणाले. "थोडं सोड."