दिवेलागणीच्या आधीची बादली

तुळसकर सरांची आणि माझी पहिली ओळख केरावरून झाली. षष्ट्यब्दीच्या गौरवग्रंथात हे लिहावे की नाही, याचा मी बराच विचार केला. संपादक मंडळींनी सरांच्या शैक्षणिक कार्यावर भर द्यायला सुचवले होते. पण ओळख जिथे झाली तिथे झाली. ती व्यासपीठावर झाली असे लिहिले, तर पहिली लाल रेघ सरच मारतील.

लग्नानंतर आम्ही मुलुंडच्या पूर्वेला, मिठागरांकडच्या वसाहतीत बिऱ्हाड केले. सामान लावून झाले होते. सासूबाई खोक्यांतला पेंढा आणि कागद गोळा करून मागच्या खिडकीशी उभ्या होत्या. त्या खिडकीखाली दोन इमारतींमधली घरगल्ली होती. सांडपाण्याचे नळ, गटार आणि वरच्या प्रत्येक खिडकीतून पडलेले काही ना काही, अशी ती जागा. तेवढ्यात खालच्या मजल्यावरचे एक गृहस्थ नळाची वेळ सांगायला दारात आले. सासूबाईंचा हात खिडकीबाहेर पाहून ते थांबले.

"आजी, हातात काय आहे?"

"केर."

"आणि खाली पडल्यावर त्याला काय म्हणाल?"

"कचरो म्हणतले. आणि काय?"

"बघा, नाव बदललं की मालकही बदलतो. घरात असेपर्यंत आपला केर. खिडकीबाहेर गेला की पालिकेचा कचरा."

ते हसून निघून गेले. सासूबाई अस्सल मालवणी. त्या मला म्हणाल्या, "ह्या माणसाक आमच्या केराचा काय पडलाहा?" पण पेंढा त्यांनी खिडकीतून टाकला नाही. त्या दिवशी तरी नाही.

पुढे मी पालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून रुजू झाले, तेव्हा एका वर्गात मराठीचा तास घेत असलेले हेच गृहस्थ दिसले. सर मराठी शिकवत, म्हणजे शब्द उलटेपालटे करून बघायला शिकवत. त्यांच्या वर्गातल्या मुलांना 'पालिकेचे म्हणजे कोणाचे' हा निबंधाचा विषय ठरलेला असे. मुले लिहीत, 'सरकारचे', 'साहेबांचे', 'कोणाचेच नाही'. सर कोणाचे गुण कापत नसत. एकदा मी विचारले, तर म्हणाले, "मुलांनी घरात जे ऐकलं ते लिहिलंय. गुण कापायचे तर घरी जाऊन कापायला हवेत."

आमच्या वसाहतीची तऱ्हा मोठी गमतीची होती. सरांना सगळे मान देत. दसऱ्याला सोने द्यायला रांग लागे. आपली मुले मात्र कोणी त्यांच्या शाळेत घालत नसे. पालिकेची शाळा ती, तिथे कोणाची मुले जाणार? मग खाजगी शाळेतल्या त्याच मुलांचे मराठी कच्चे राहिले, की संध्याकाळी सरांकडे फुकट शिकवणीला धाडायचे. सरांची कन्या आमच्याच शाळेत होती. शेजारच्या एका गृहस्थांनी फार आपुलकीने विचारले, "सर, तुम्ही एवढे विद्वान, आणि पोरीला पालिकेच्या शाळेत?" सर म्हणाले, "तिथे मीच शिकवतो हो. वाईट शिकवतो असं कोणी सांगितलं का तुम्हाला?"

माझ्या पहिल्या बाळंतपणाला मी पालिकेच्या प्रसूतिगृहात नाव घातले, तेव्हा माहेरच्यांनी नाके मुरडली होती. सर आणि त्यांच्या पत्नी, म्हणजे आमच्या वहिनी, रोज येत. वहिनी आळिवाची खीर आणत आणि सर वॉर्डातल्या सगळ्या बायकांची विचारपूस करत. माझे तास त्यांनी न सांगता घेतले. मी परतले तेव्हा माझ्या वर्गाच्या साऱ्या वह्या तपासलेल्या होत्या. त्याबद्दल आभार मानले तर त्यांनी विषयच बदलला.

आता ज्या गोष्टीसाठी मी हा लेख लिहायला घेतला, ती सांगते. ती आमच्या वसाहतीला भूषणावह नाही.

घरगल्ली साफ करायला चंपाबाई येत. पालिकेच्या सफाई कामगार. कंबर वाकवून गल्लीत शिरायचे, टोपली भरायची, डोक्यावर घेऊन रस्त्याच्या टोकाच्या कचराकुंडीत ओतायची आणि पुन्हा आत जायचे, हे त्यांचे काम. एका सकाळी त्या आत असताना वरून कोणीतरी मासळी धुतलेले पाणी ओतले. चंपाबाई तशाच निथळत बाहेर आल्या आणि वर बघून ओरडल्या, "ए बाय, वरून देव न बघता टाकतो, तू तरी बघून टाक!" गॅलऱ्यांत हशा पिकला. सर मात्र शाळेला निघाले होते ते तिथेच थांबले. चंपाबाईंना म्हणाले, "बाई, मी गाडी आणतो. लोक आपापला केर दारात गाडीला देतील. तुम्हाला या गल्लीत उतरावं लागणार नाही."

चंपाबाईंनी पदराने तोंड पुसले. "बोलताय ते बरं वाटतं, सर. गाडी येऊ दे, मग ठेवते टोपली खाली."

सरांनी दिलेला शब्द तो हा. पुढचे सगळे त्या शब्दासाठी होते.

सकाळी गाडी येऊन उपयोग नव्हता, कारण नेमके तेव्हाच नळाला पाणी येई आणि बायकांना हंडा सोडून हलता येत नसे. तेव्हा गाडी संध्याकाळची हवी, असे ठरले. सरांबरोबर पालिकेच्या कचेरीत आम्ही काही जण गेलो. तिथले अधिकारी भले निघाले. म्हणाले, "संध्याकाळची हातगाडी देतो. काही दिवस बघू. लोक आले तर कायम, नाही आले तर दुसऱ्या वस्त्या मागतच आहेत." बायकांना विचारून सरांनी वेळ ठरवली. पुरुष कामावरून यायच्या आत, स्वयंपाकाला लागायच्या आधी. उन्हाळा होता. त्या वेळेला अंगणात लख्ख उजेड असे.

मंजुरी येईपर्यंत दिवाळी उलटली.

पहिल्या संध्याकाळी हातगाडी आमच्या फाटकाशी येऊन उभी राहिली. मुकादमाने घंटा वाजवली. सर आपली बादली घेऊन खाली होते. चंपाबाई गाडीच्या दांडीला हात लावून उभ्या होत्या आणि हौसेने वर बघत होत्या. वर गॅलऱ्या माणसांनी भरल्या होत्या, पण जिन्यात कोणी नव्हते. मी आमचा डबा उचलला तर सासूबाई दार अडवून उभ्या.

"दिवो लावलंय मी. आता केर भायर? लक्ष्मीक काय हातगाडीत बसवून धाडू?"

दिवस लहान झाले होते. गाडी आली ती दिवेलागणीनंतर. दिवा लागल्यावर घरातला केर बाहेर टाकायचा नाही, हे कोकणातल्या घरात कोणाला सांगावे लागत नाही. आमच्या वसाहतीत तीन दारांपैकी दोन कोकणातलीच होती. सर स्वतः वेंगुर्ल्याकडचे. उन्हाळ्यात वेळ ठरवताना आमच्यापैकी एकालाही हे सुचले नव्हते.

घंटा वाजत राहिली. शेवटी मुकादम म्हणाला, "काय सर, तुमचे लोक लई स्वच्छ दिसतात. कचराच करत नाहीत!"

आणि तेव्हाच मागे घरगल्लीत वर्तमानपत्राचे पुडके धप्पकन पडल्याचा आवाज आला. मग दुसरे. मी सासूबाईंकडे पाहिले. त्या म्हणाल्या, "मागची खिडकी दारात धरनत नाय." म्हणजे लक्ष्मी तेवढी पुढच्या दाराने जाते. मागच्या खिडकीची तिला माहिती नसावी.

मला आजही हे लिहिताना हसू येते आणि त्याची लाजही वाटते.

सरांनी हार मानली नाही. दिवा लावण्यापूर्वी प्रत्येकाने आपला डबा जिन्यात ठेवावा, म्हणजे तो घराबाहेर आधीच गेला. गाडी आली की तिथून तो आपण स्वतः नेऊ, असे त्यांनी घरोघर जाऊन सांगितले. लोकांनी ठेवलेही. सर शाळेतून दमून येत आणि मजल्यामजल्यावरचे डबे गाडीपाशी नेत. मी आणि माझे यजमान हात लावत असू, आणखी एक-दोघे येत. पहिल्या आठवड्यात लोक संकोचले. मग सरावले. एका संध्याकाळी गाडी निघत असताना तिसऱ्या मजल्यावरून एका सद्गृहस्थांची हाक आली, "ओ सर, आमचा राहिला ना!"

ते गृहस्थ दसऱ्याला सरांच्या पाया पडणारे. सर मागे वळले. तीन मजले चढले आणि डबा घेऊन आले. पण त्या दिवशी वहिनींच्या डोळ्यांत पाणी मी पाहिले. पुढे लोक जिन्यात डबे ठेवायलाही कंटाळले. घरपट्टी भरतो, मग आम्ही का राबायचे, असे कोणीतरी म्हटले आणि ते सगळ्यांना पटले. गाडी रिकामी परतू लागली. वेळ बदलून मागायला सर पुन्हा कचेरीत गेले, पण गाडी दुसऱ्या वस्तीला दिली गेली होती. तिथे लोक रांग लावून उभे राहत होते. अधिकाऱ्यांना दोष कसा द्यायचा?

चंपाबाईंना सांगायला सर स्वतः गेले. मी बरोबर होते. चंपाबाईंनी ऐकून घेतले आणि म्हणाल्या, "मी टोपली खाली ठेवलीच नव्हती, सर." मग त्या गल्लीत शिरल्या.

त्यानंतर कधीतरी फुटक्या बल्बची काच चंपाबाईंच्या टाचेत घुसली. जखम चिघळली. सर त्यांना पालिकेच्या दवाखान्यात घेऊन जात, ड्रेसिंग होईपर्यंत बाकावर बसून राहत. जखम भरली, पण चाल तिरकीच राहिली. बल्ब कोणाचा, हे कोणी विचारले नाही. विचारण्यात अर्थही नव्हता. तो खिडकीतून बाहेर पडला तेव्हाच पालिकेचा झाला होता. सर एवढेच म्हणाले, "गाडीची वेळ मी मागितली होती." मी त्यांना परोपरीने सांगितले की चूक एकट्याची नाही. ते त्यांना पटले असे मला वाटत नाही.

सर निवृत्त झाले. चंपाबाईही आता येत नाहीत, त्यांच्या जागी त्यांची सून येते आणि त्याच गल्लीत उतरते. गाडी गेल्यापासून सर रोज दिवेलागणीच्या आधी आपल्या घरची बादली घेऊन रस्त्याच्या टोकाच्या कुंडीपर्यंत चालत जातात. त्याची वसाहतीला इतकी सवय झाली आहे की सर दिसले की बायका वाती वळायला घेतात. "सर गेले गं, दिवा लाव," अशी हाक या गॅलरीतून त्या गॅलरीत जाते. त्यांचे कौतुक सगळे करतात. त्यांच्या मागून मात्र कोणी जात नाही. त्या माणसाचे आम्ही घड्याळ करून टाकले. या समारंभात सरांच्या खांद्यावर घालायची शाल मला त्यामुळे थोडी जड वाटते.

सरांचे गुडघे अलीकडे दुखतात. परवा जिन्यात मी बादलीला हात घातला. सर म्हणाले, "राहू दे गं. माझा केर आहे."

मी हात काढून घेतला आणि आमचा डबा आणायला वर गेले. सासूबाई आता थकल्या आहेत. देवापाशी काडेपेटी हातात घेऊन बसल्या होत्या. माझ्या हातात डबा बघून म्हणाल्या, "जा बेगीन. तू येयसर मी दिवो लावनंय नाय."

तुळसकर सरांना उदंड आयुष्य लाभो, त्यांचे गुडघे त्यांना साथ देवोत आणि वहिनींची सोबत अखंड राहो, ही परमेश्वराला प्रार्थना. वसाहतीकडेही एक मागणे आहे. एखाद्या संध्याकाळी सर बादली घेऊन निघावेत, त्यांच्या मागे पाच-पंचवीस बादल्यांच्या कड्या वाजाव्यात, आणि दिवे थोडे उशिरा लागावेत.