दादाची निवड

आमच्या फेलोशिपमध्ये बडोद्यातून दोघीच होतो, दोघी नव्या वकील. मी निजामपुऱ्यातली, ती हरणीची. मानसिक आजार असलेल्यांना आणि अपंगांना त्यांचे हक्क मिळवून द्यायचे, हे आमचं काम. माझ्या घरात आजारी थोरला भाऊ होता, तिच्या घरी असं कुणी नव्हतं. म्हणून या कामावर माझा हक्क जास्त, असं मी मनात पक्कं धरलं होतं.

आजार बळावून स्वतःचं ठरवता येईनासं झालं, तर उपचारांबद्दल आपल्या वतीने कुणी बोलायचं, हे माणसाला बरं असतानाच सांगून ठेवता येतं. तो नातेवाईकच हवा असं नाही. हे लोकांना समजावण्याची तालीम करायला ती एका रविवारी आमच्याकडे आली. ऐकायला आम्ही दादाला बसवलं. तो माझंच नाव घेणार, हे मी धरूनच चालले होते. आई गेल्यापासून त्याची औषधं, डॉक्टर, जागरणं, सगळं माझ्याकडे.

मी चहा टाकायला उठले, तशी तिने त्याला गुजरातीत विचारलं, "मोटाभाई, चामां खांड केटली?"

"त्याला साखर अर्धाच चमचा," मी ओट्याजवळून सांगितलं. औषधांनी त्याचं वजन वाढतं.

तिने माझं ऐकून न ऐकल्यासारखं केलं आणि त्याच्याकडे बघत थांबली. थांबायचं, उत्तर त्या माणसालाच देऊ द्यायचं, हे प्रशिक्षणात मीही शिकले होते. पण ते बाहेरच्यांसाठी.

"त्रण चमची," दादा म्हणाला आणि चक्क हसला. माझ्याशी तो दिवस दिवस हं-हूंवर भागवतो. माझ्या अंगाची लाही लाही झाली.

मग तिने खरा प्रश्न विचारला. दादाने तिच्याकडेच बोट दाखवलं. ती गोंधळली, बहीण आहे ना घरात, म्हणाली.

"ही नको," तो मराठीत म्हणाला. "ही माझ्याआधीच उत्तर देते."

राबायचं मी, आणि आयत्या बिळावर ही नागोबा. दादाच्या कपात तीन चमचे साखर घातली. तिच्या कपात मुद्दाम एकही नाही.

ती तो चहा निमूटपणे प्यायली. मला त्याचाही राग आला.