विचारायचं तर मला विचारा

"नहा-धो लेता है खुद से?"

सरकारी डॉक्टरांनी हे माझ्या धाकट्या भावाला विचारलं. मी त्याच्या शेजारच्याच खुर्चीत बसलो होतो. पन्नाशी ओलांडलेला माणूस. सकाळी काशीच्या रामघाटावर बुडी मारून, धुतलेलं धोतर नेसून गेलो होतो. कपाळावरचं गंध नीट वाळलंही नव्हतं.

भाऊ म्हणाला, "कभी-कभी."

माझी गप्प बसण्याची सवय जुनी आहे. विशीत मला आवाज ऐकू यायला लागले, दोनदा दवाखान्यात राहून आलो. तेव्हापासून घरात माझ्याबद्दल सगळं माझ्यासमोर बोलतात, माझ्याशी कुणी बोलत नाही. औषधं घेतो. आवाज बरेच कमी आहेत. पण औषधांनी जीभ जड झाली, वाक्य बाहेर पडायला वेळ लागतो. तेवढ्यात लोकांचं उत्तर देऊनही झालेलं असतं.

आमचं घर पुरोहितांचं. नाशिक-पुण्याकडून काशीला आलेल्या यजमानांची श्राद्धं भाऊ चालवतो. मी मागे बसून दर्भ निवडतो, बोटात घालायची पवित्रकं वळतो. आई आधीच गेली होती. गेल्या वर्षी आप्पा गेले आणि घर आम्हा दोघा भावांकडे आलं. भावाला ते गेस्ट हाउसवाल्याला विकायचं होतं. मी सही देईना. मग त्याने अर्ज केला, की दादाला काही समजत नाही, मला त्याचा पालक नेमा. माझी रवानगी गावाबाहेरच्या कुठल्याशा आश्रमात होणार होती. हे मला स्वयंपाकघरातल्या बोलण्यावरून कळलं. सांगायला कोणी आलं नाही.

त्या अर्जासाठीच ही तपासणी. शेवटी डॉक्टर माझ्याकडे वळले आणि बहिऱ्याशी बोलावं तसे ओरडले, "कौन सा महीना चल रहा है?"

आमच्या घरात महिना विचारला की तोंडात तिथीच येते. मी म्हणालो, "श्रावण. वद्य पंचमी."

डॉक्टर हसले. "सावन तो राखी पर ही खतम हो गया, महाराज. भादों चल रहा है."

त्यांच्या जागी ते बरोबर होते. काशीत महिना पौर्णिमेला संपतो. आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या दक्षिणेकडचं पंचांग चालतं, त्यात महिना अमावास्येला संपतो. या पंधरवड्यात सगळं शहर भादोंत, म्हणजे भाद्रपदात असतं आणि आम्ही पाचपन्नास घरं श्रावणात. हे सांगायचं होतं मला. "हमारे में..." एवढंच निघालं. डॉक्टरांनी लिहायला घेतलं होतं, याला काळवेळेचं भान नाही.

मी भावाकडे पाहिलं. त्याच सकाळी नाशिकच्या यजमानाला संकल्प सांगताना त्याने खणखणीत आवाजात "श्रावणमासे कृष्णपक्षे" म्हटलं होतं. दर्भ मीच दिला होता त्याच्या हातात. आता तो समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर बघत होता.

परत येताना म्हणाला, "दादा, डॉक्टरांशी कुठे वाद घालायचा!"

मला राग आला नाही. खरं सांगायचं तर राग यायलाही अंगात जोर लागतो. नुसतं वाईट वाटलं, खूप वाईट वाटलं.

पुढे संकठा घाटाजवळ मोफत कायदेसल्ल्याचं शिबिर लागलं. मी तिथे जाऊन बसलो. एका वकीलबाईंनी माझं जड बोलणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि विचारलं, "आप क्या चाहते हैं?"

मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत हे कोणी विचारलं नव्हतं. आप्पांनीसुद्धा नाही. डोळ्यांत पाणी आलं, त्याची लाजही वाटली.

बाईंनी समजावून सांगितलं. आजारपणामुळे वाटा जात नाही. मन आजारी असो की बुद्धी कमी असो, कायद्यापुढे माणूस पुरा माणूस असतो. निर्णयाला मदत लागली तर ती द्यायची, निर्णयच काढून घ्यायचा नाही. पालक नेमायची वेळ आलीच, तर त्यानेही मला विचारून, माझ्याबरोबर ठरवायचं. हे कायद्यात आहे म्हणे, बरीच वर्षं. आमच्या गल्लीत पोचलं नव्हतं.

सुनावणीला बाई माझ्या बाजूने उभ्या राहिल्या. अर्ज ऐकणाऱ्या साहेबांनी डॉक्टरांचा कागद वाचला. "इनको तो महीना तक नहीं मालूम."

बाई पंचांगाचा घोळ सांगणार होत्या, तशी तयारी करून आल्या होत्या. मी त्यांना हाताने थांबवलं.

मला दवाखान्यातला एक जण आठवला होता. पलीकडच्या खाटेवरचा. त्याला महिना, वार, वर्ष, काहीच सांगता यायचं नाही. पण रोज सकाळी गाठोडं बांधून दाराशी उभा राहायचा. घरी जायचंय, म्हणायचा. त्याला काय हवंय हे त्याला पक्कं ठाऊक होतं. महिना चुकतो म्हणून त्याला कोणी विचारलं नाही. आज मी श्रावण बरोबर ठरवून सुटलो असतो, तर तो तिथेच दाराशी उभा राहिला असता.

मी म्हणालो, "महीना मत पूछिए. पूछिए कि घर बेचना है क्या. नहीं बेचना."

वेळ लागला. पण वाक्य पुरं केलं. साहेबांनी सवयीने भावाकडे पाहिलं.

"उधर मत देखिए. मैं इधर हूँ."

बाहेर आल्यावर भाऊ म्हणाला, "दादा, एवढं बोलता येतं तुला?"

"तू कधी थांबलास ऐकायला?"

निकाल लागलेला नाही. तारखा पडतात. भाऊ बोलत नाही, माझं ताट खोलीच्या दाराबाहेर येतं. थकलोय मी. शूरवीर काही झालो नाही.

पण मी बरा आहे म्हणून हक्क मागत नाही. आवाज परत येतील. एखाद्या दिवशी मी भिंतीशी बोलत बसेन, अंगावरच्या कपड्यांची शुद्ध नसेल, तुम्हाला ओळखणारही नाही. तेव्हा मला औषध द्या, हात धरून दवाखान्यात न्या. त्या दिवशीही या घराचा निम्मा मालक मीच असेन. सही माझीच लागेल. आणि ती मी देणार नाही.