भांडं उघडं असताना

"तू उकडलेल्याला हात लावू नको गं. तू कच्चंच धू."

मेधाताई हसत म्हणाल्या. मराठीत. मग मान वळवून मुख्याध्यापिकांना, फ्राउ विंटरना, जर्मनमध्ये म्हणाल्या, "तिला हेच काम जास्त आवडतं." फ्राउ विंटर माझ्याकडे बघून हसल्या. मीही हसले. माझ्या हातात मातीने माखलेला अळूचा कंद होता. समोर तिसरीची मुलं गोल करून उभी होती आणि त्यात माझी पोरगी होती, प्रज्ञा.

हसले, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढचं ऐकून तुम्हाला वाटेल, बाई पहिल्यापासूनच वाघीण. कसली वाघीण. मान खाली घातली आणि कंद धुवायला लागले.

जर्मनीत झिंडेलफिंगेनजवळची एक प्राथमिक शाळा. नवरा मोटारीच्या कारखान्यात इंजिनिअर, कंत्राटावर. मी शाळेच्या स्वयंपाकघरात मदतनीस. मुलांना जेवण वाढायचं, टेबलं पुसायची, भांडी मशीनमध्ये लावायची. गावाकडे बी.एससी. झालेली मी, पण कामाची लाज कधी वाटली नाही. आयुष्यातली पहिली नोकरी, माझ्या नावाची. फक्त अजून प्रोबेत्साइट चालू होती. म्हणजे चाचणीचे सहा महिने. तेवढ्यात ते कारण न देता घरी पाठवू शकतात. माझे तीन आठवडे उरले होते.

शाळेत दर उन्हाळ्यात एक आठवडा पुस्तकं बंद ठेवतात. मुलांनी हातांनी काहीतरी करून शिकायचं. खर्च देणगीदार करतात. या वर्षीचा विषय हवाई बेटं. कापडावर ठसे मारायचे, कुंडीत अळू लावायचं, आणि उकडलेला कंद लाकडी पाटावर दगडाने कुटून त्याचं पोई करायचं. तिकडचं ते रोजचं अन्न. शिकवायला मालिया नावाची बाई खुद्द हवाईहून आली होती. आणि देणगीदारांची समिती चालवायच्या मेधाताई. पुण्याच्या. नवरा गेर्लिंगेनच्या मोठ्या ऑफिसात मोठ्या खुर्चीवर. जर्मन असं बोलणार की जर्मनांनी ऐकत राहावं.

सोमवारी मालियाने मुलांना गोष्ट सांगितली. त्यांच्यात म्हणे आधी अळू जन्मलं, मग माणूस. म्हणून अळू हा माणसाचा थोरला भाऊ. पोईचं भांडं मध्ये ठेवायचं, सगळ्यांनी भोवती बसायचं, त्याच एका भांड्यात बोटं घालून खायचं. आणि भांडं उघडं असेल तोवर कोणी भांडायचं नाही. थोरला भाऊ ऐकतोय ना.

भांडं उघडं, भांडण बंद. मला मनातल्या मनात गंमत वाटली. मी न राहवून म्हणाले, "हा तर आमचा चमकुरा! आमच्या घरामागे मोरीच्या पाण्यावर…"

"अळू म्हण गं, अळू. चमकुरा काय!" मेधाताई म्हणाल्या. "आणि ते मोरीचं यांना नको सांगूस."

या 'गं'बद्दल सांगायला हवं. सगळं त्यातच आहे.

पहिल्यांदा भेटल्या तेव्हा म्हणाल्या होत्या, "अहो, तुम्ही मराठी? किती छान! या ना तुम्ही मराठी मंडळात." मला भरून आलं होतं. जर्मन लोक होकाराला 'या' म्हणतात. नवीन होते तेव्हा वाटायचं, हे सगळे मला आत का बोलावतायत? पण खरोखरचं 'या' म्हणणारं माणूस हे पहिलंच भेटलं. मग प्रज्ञासाठी तिच्याच वर्गातल्या सईची, म्हणजे त्यांच्या मुलीची, जुनी सायकल द्यायला त्या घरी आल्या. मी चहा ठेवला. त्यांनी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर बुद्ध, आणि शेजारी निळ्या कोटातला फोटो. आडनाव विचारायची गरजच पडली नाही.

"चहा नको गं. उशीर होतोय."

आत आल्या तेव्हा अहो होते. चहा उकळेपर्यंत अगं झाले. त्या दिवसापासून तूच. माझ्याहून दहा वर्षांनी लहान असलेल्या, मंडळातल्या रोहनच्या आईला मात्र 'अहो, तुम्ही'. तिच्या घरी चहाही घेत होत्या.

मंगळवारी वर्गाच्या दारावर यादी लागली. शुक्रवारी देणगीदार बघायला येणार, कोण कोणत्या भांड्याभोवती बसणार त्याची. प्रज्ञाचं नाव सईच्या भांड्यापाशी होतं. त्यावर रेघ मारली होती. खाली पेनने लिहिलं होतं: स्वागत. कागदी गवताचा घागरा घालून तिने दारात उभं राहायचं, पाहुण्यांच्या गळ्यात फुलांच्या माळा घालायच्या. वर्गशिक्षिका म्हणाली, "तिला किती शोभेल!" माझी पोर सावळी आहे. गोरी लेकरं भांड्याभोवती, सावळं लेकरू दारात.

मेधाताई सिंकपाशी आल्या. आवाज अगदी मऊ. "सासूबाई आल्यात गं पुण्याहून. सई घरी जाऊन सगळं सांगते. एका भांड्यात जेवलो म्हणाली, तर… तू समजून घे."

समजून घे. चोरी त्यांची, आणि समजून मी घ्यायचं.

माझे हात आठवडाभर खाजत होते. कच्च्या कंदाने खाजतातच. हाताला तेल लावलं तर खाजत नाहीत, हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. त्या दिवशी मी मुद्दाम तेल लावलं नाही. का, ते आजही सांगता येत नाही. बहुतेक राग कुठेतरी खाजायला हवा होता.

बुधवारी फ्राउ विंटरच्या खोलीत गेले. रात्रभर वाक्यं पाठ केली होती. खुर्चीत बसले आणि सगळी पळाली. तोंडातून एवढंच निघालं, "मेधा मला 'डू' म्हणते." जर्मनमध्येही तू आणि तुम्ही आहे, डू आणि झी. मला वाटलं, हिला कळेल.

त्या खळखळून हसल्या. "अगं, इथे आपण सगळेच एकमेकींना डू म्हणतो! तूही मला म्हण ना!"

आता काय सांगू? की बाई, तुमचं तू जवळ ओढतं आणि आमचं तू ढकलतं? की तिने मला मारलं, पण वळ फक्त मराठीत दिसतो? कास्ट. हा शब्द जर्मनमध्येही जवळपास तसाच आहे, मला ठाऊक होता. तो घशापर्यंत आला. मग तीन आठवडे आठवले. "वेळ घेतला, माफ करा," म्हणून मी उठले. तक्रार करायला गेलेली बाई माफी मागून बाहेर आली.

घरी नवऱ्याला म्हणाले, "अहो, शुक्रवारी मी प्रज्ञाला पाठवणार नाही."

"तीन आठवडे गं. फक्त तीन आठवडे कळ काढ," ते म्हणाले. "माझा टीम लीडसुद्धा त्यांच्याच मंडळातला आहे. इथे आपल्याला कोण ओळखतं? गप्प राहिलीस तर कुणालाच कळणार नाही."

तो लीड जेवायला आला होता तेव्हा आम्ही फोटो बेडरूममध्ये हलवला होता. हे स्टुलावर चढले. स्टूल मी धरलं. दोघांनी मिळून केलं आणि त्यावर एक अक्षर बोललो नाही. मेधाताईंनी माझ्या घरात येऊन तो फोटो काही हलवला नव्हता. आमचं आम्हीच केलं होतं.

प्रज्ञा सगळं ऐकत होती. तिला मराठी कळतं, पण उत्तर जर्मनमध्येच येतं. "आई," एवढा एक शब्द मराठी, पुढचं सगळं जर्मन, "ती बाई रोहनच्या आईला तुम्ही म्हणते. मग तुला तू का?"

मी खोटं बोलले. "आपल्या माणसाला तू म्हणतात. तू नाही का मला म्हणत?"

"आख् झो," म्हणजे 'असं होय', म्हणाली आणि खेळायला गेली. तिला पटलं. तेच वाईट झालं. अपमानाला मी माझ्या हाताने मायेचं झबलं घातलं आणि पोरीच्या मांडीवर दिला.

मी पाचवीत होते तेव्हा आमच्या गावच्या शाळेत कुणी शेठ गणवेश वाटायला आले होते. माईकवरून आमची नावं जातीसकट वाचली. स्टेजवर बोलावून फ्रॉकवरूनच नवा शर्ट चढवायला लावला, फोटोसाठी. शेठ म्हणाले, "हस." मी हसले. टाळ्या पडल्या. मला वाटलं होतं, विमानात बसले की ते स्टेज मागे राहील.

शुक्रवार उजाडला. मी पाठवलं तिला. हो, पाठवलं. माळांची टोपली घेऊन ती दारात उभी राहिली. एका म्हाताऱ्या देणगीदाराने प्रेमाने विचारलं, "तू हवाईची का?"

"नाही. मी झिंडेलफिंगेनची."

तो हसला. मेधाताई म्हणाल्या, "जवळजवळ हवाईचीच!" सगळे हसले, फोटो निघाले. माळा संपल्या. पाहुणे खुर्च्यांवर बसले, मुलं भांड्यांभोवती बसली, मालियाने झाकणं काढली. टोपली रिकामी झाल्यावर प्रज्ञाने कुठे जायचं, हे कुणी ठरवलंच नव्हतं. ती सईच्या भांड्याकडे बघत थोडी उभी राहिली. मग सरळ माझ्याकडे, सिंकपाशी आली.

"आई, मी भांडी पुसू का?"

अख्खं वाक्य मराठीत.

किती महिने मी तिच्या मागे लागले होते, मराठीत बोल, मराठीत बोल. बोलली. आणि काय बोलली! कुणी शिकवलं नव्हतं, कुणी दाखवलं नव्हतं. आपली जागा तिने स्वतःच शोधून काढली होती. नोकरी, तीन आठवडे, लीड, मंडळ, सगळं विसरले.

मी तिचा कागदी घागरा सोडला आणि कचऱ्यात टाकला. तिचा हात धरला आणि सईच्या भांड्यापाशी जाऊन जमिनीवर बसले. सईने हसून जागा करून दिली. प्रज्ञाने भांड्यात बोट घातलं. मीही घातलं. चिकट, जरासं आंबट.

मेधाताई वाकल्या. ओठांवर हसू तसंच. "अगं, तू काय करतेस? ऊठ. लोक बघतायत."

मी उठले नाही. तेव्हा त्यांनी सईचं मनगट धरून ओढलं. "सई, ऊठ. हात धू."

"पण माझं खाऊन झालं नाही!" सई जर्मनमध्ये ओरडली. सगळा हॉल वळून बघायला लागला.

"मेधा," मी म्हणाले, "तू पण बस ना."

ताई गेलं, तुम्ही गेलं. जर्मनांना काहीच ऐकू आलं नाही. पण तिचा चेहरा असा उतरला की मला कळलं, नेम बसला.

"भांडं उघडं आहे," मालिया हळूच म्हणाली. तिच्या मनात काही वाईट नव्हतं. पण फ्राउ विंटरनी ते लगेच उचललं. "गेनाऊ, अगदी बरोबर! उघड्या भांड्यापाशी भांडण नाही!" पाहुण्यांनी माना डोलावल्या. मी पुन्हा अडकले. गप्प बसवायला यावेळी हवाईची रीत कामाला आली होती.

मी शेजारचं लाकडी झाकण उचललं आणि भांड्यावर ठेवलं.

"आता झाकलंय," मी जर्मनमध्ये म्हणाले. "आता बोलते."

मालिया माझ्याकडे बघत राहिली. तिने अडवलं नाही.

माझं जर्मन तोडकंमोडकं. लिंगं चुकली, क्रियापदं भलतीकडे गेली. पण म्हणाले. "या बाईला माझ्याबरोबर एका भांड्यात खायचं नाही. तिची मुलगी माझ्या मुलीबरोबर खाईल हेही नको. म्हणून माझी मुलगी दारात होती. ती सुंदर दिसते म्हणून नाही. आमच्या देशात याला कास्ट म्हणतात. ही बाई ती इथे घेऊन आली. तुमच्या पैशाने, तुमच्या शाळेत." मग मराठीत, सगळ्यांसमोर, "मेधा, सांग, यातलं खोटं काय आहे?"

ती जर्मनमध्ये एवढंच म्हणाली, "गैरसमज झालाय."

सोमवारी फ्राउ विंटरनी बोलावलं. टेबलावर एक कागद होता. दोन ओळी. शुक्रवारी जे झालं ते सांस्कृतिक गैरसमजातून झालं, मला खेद आहे. खाली सहीची जागा. "सही कर, म्हणजे विषय संपला," त्या म्हणाल्या. "तुझ्या कामाबद्दल आमची काहीच तक्रार नाही."

"गैरसमज झालेला नाही," मी म्हणाले. "मला समजलं होतं. मेधालाही समजलं होतं. फक्त तुम्हाला समजलं नव्हतं."

पेन घेतलं. त्यांची ओळ खोडली. जर्मनमध्ये, मोठ्या अक्षरांत कास्ट हा शब्द लिहिला. खाली माझं नाव लिहिलं, पूर्ण, आडनावासकट. मग सही केली.

दोन आठवड्यांत पत्र आलं. मी टीममध्ये बसत नाही, म्हणून काम संपलं. हे दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मंडळाच्या ग्रुपमधून आम्हाला काढलं. मालियाही आपल्या बेटावर परत गेली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत.

प्रज्ञाला मी खाली बसवून खरं सांगितलं. तू म्हणजे काय, तुम्ही म्हणजे काय, आणि तिची आई तिच्याशी खोटं का बोलली. तिने खूप प्रश्न विचारले.

मी आता दुसरीकडे अर्ज करतेय. मुलाखतीला जाईन तिथे कुणी मराठी भेटलं, तर माझं आडनाव, गाव, जात, तिन्ही मीच आधी सांगणार. ज्याला हात आखडायचा असेल त्याने माझ्या तोंडावर आखडावा. पण यापुढे माझा अपमान मराठीत झाकून राहणार नाही. ज्या देशात होईल, त्या देशाच्या भाषेत मी तो मोठ्याने सांगेन. व्याकरण चुकलं तरी.