सोजरबाईंचा मुटका

"आत्या, शुक्रवारी दोन दिवसांचे कपडे भरा, आपल्याला जायचंय," असं शेफाली म्हणाली, तेव्हा सोजरबाईंना वाटलं, नात्यातलं कुणीतरी गेलं.

"कोण गेलं?"

"कुणी गेलं नाही. आपण जायचंय. रिट्रीटला."

"ती कोण?"

शेफाली ही त्यांची सून, आयटीत कामाला. तिच्या कंपनीनं डोणज्याजवळ पॉझिटिव्ह सायकॉलॉजीचं शिबिर ठेवलं होतं, आणि सोबत घरचं एक माणूस चालणार होतं. खरं तर जायचं साईनाथनं, म्हणजे सोजरबाईंच्या लेकानं. पण त्याचा धंदा बांधकामाच्या सामानाचा. तो म्हणाला, "डोळे मिटून बसायला मला दोन दिवस कुठायत? आईला ने. ती नाहीतरी बसूनच असती."

बोलणं झोंबणारं होतं, पण खोटं नव्हतं. कर्वेनगरला लोक अजून हिंगणं म्हणत, त्या काळात सोजरबाई सोळाव्या वर्षी नवरी होऊन तिथं आल्या. नवऱ्याच्या, म्हणजे दत्तोबांच्या, जोडीनं चाळीस वर्षं कांदा, गवार, कोथिंबीर काढली, म्हशी सांभाळल्या. मग वावरावर इमारत उभी राहिली, विहीर बुजवून तिथं पार्किंग झालं आणि गवार व्हायची त्याच जागेच्या वर, सातव्या मजल्यावर, दोघं राहायला गेली. दोन वर्षांपूर्वी दत्तोबा एका दिवसात आटोपले. तेव्हापासून सोजरबाई गॅलरीतल्या खुर्चीत. भूक नाही, बोलणं नाही. डॉक्टरांनी झाडून सगळ्या तपासण्या केल्या आणि सांगितलं, "रिपोर्ट एकदम नॉर्मल आहेत."

"मंग मला काय झालंय?" सोजरबाईंनी विचारलं. ते काही रिपोर्टात नव्हतं.

घरात आणखी एक गोष्ट होती, तिच्याबद्दल कुणी चकार शब्द काढत नव्हतं. मार्चमध्ये शेफालीचा तिसऱ्या महिन्यात गर्भपात झाला होता. काय बोलावं ते सोजरबाईंना सुचलं नाही, म्हणून त्या गप्प राहिल्या. आत्या रागावल्यात असं शेफालीला वाटलं, म्हणून तीही गप्प. एका घरात दोन बायका, आणि सगळा संवाद काय, तर "जेवलात?" "जेवले."

शनिवारी सकाळी सात वाजता स्वारगेटहून शिबिराची बस निघाली. वीसेक माणसं, बहुतेक तरणीताठी, कानात काहीतरी खोचलेली. पुढच्या सीटवर सुदर्शनराव नावाचे एक गृहस्थ होते, बँकेतून निवृत्त झालेले, लेकीनं आग्रह करून आणलेले.

"तिला वाटतं, मी निराशावादी आहे," ते मागं वळून म्हणाले. "मी म्हटलं, येतो की. तिकडंही तसाच राहीन."

सोजरबाईंना का कोण जाणे, हे फार आवडलं.

शिबिर घेणारी कल्याणी तिशीतली, हसऱ्या चेहऱ्याची. तिनं सगळ्यांना गोल बसवलं आणि सकाळपासून घडलेल्या तीन चांगल्या गोष्टी सांगायला लावल्या. कुणी सूर्योदय सांगितला, कुणी कुटुंब. सुदर्शनराव म्हणाले, "चहा मिळाला. उरलेल्या दोन कळवतो."

सोजरबाईंची पाळी आली. त्यांनी पदर सारखा केला. "खिडकीची जागा मिळाली. पोह्यात साखर कमी हुती." मग जरा अडखळल्या. "आन् आत्ता तुम्ही मला कायतरी इचारलं."

शेफालीनं मान खाली घातली.

मग कल्याणीनं आशेबद्दल सांगायला घेतलं. आशा म्हणजे सगळं चांगलं होईल म्हणत बसणं नव्हे. कुठं जायचं ते ठरवायचं, आणि एक वाट बंद झाली की दुसरी काढायची. तिच्यामागच्या पडद्यावर बाण होते, चौकोन होते, पण माणसांच्या चेहऱ्यावर काही उजेड पडत नव्हता. सोजरबाईंनी हात वर केला.

"म्हंजी दारं धरल्यागत."

"दारं?"

"अगं, पाटाचं पाणी वाफ्यात घेत्यात न्हवं? वाफा भरला, न्हायतर बांध फुटला, की खोऱ्यानं माती वढून तिथलं दार बंद करायचं आन् दुसरीकडचं फोडायचं. बांध फुटला म्हणून पाणी काय रडत उभं ऱ्हात न्हाय. तुम्ही बी ऱ्हायचं न्हाय, नायतर शेजाऱ्याच्या वावरात जातंय सगळं."

कल्याणीनं हे घाईघाईनं फळ्यावर लिहून घेतलं. सुदर्शनराव म्हणाले, "चला, पडद्यावरची पंचवीस पानं बघायची वाचली."

पहिल्यांदा हसल्या त्या सोजरबाई. किती दिवसांनी आपलाच आवाज ऐकला म्हणून त्या दचकल्या आणि मग आणखी हसल्या.

दुपारी जोड्या लावून बसायचं होतं. एकानं विचारायचं, दुसऱ्यानं सांगायचं : वेळेचं भान हरपून जायचं असं तुम्ही आयुष्यात काय केलंत? शेफाली वही घेऊन आत्यांसमोर बसली. तिला वाटलं, स्वयंपाक म्हणतील, फार तर शेत.

"हिरीत पवायची," सोजरबाई म्हणाल्या.

शेफालीचं पेन थांबलं. "तुम्हाला पोहता येतं?"

"यायचं. सासवडकडं माहेर माझं. बापानं पाठीला वाळका भोपळा बांधून दिलं ढकलून. आठ दिसांत भोपळा सुटला. मंग मुटका मारायला लागले. गुडघं असं पोटाशी घ्यायचं आन् धप्प! काठावर कुणी कोरडं ऱ्हायचं न्हाय. माझा भाऊ धोंडिबा, यवढा दांडगा, पर माझ्या मुटक्याला भ्यायचा."

"मग इकडं आल्यावर?"

"सासरच्या हिरीत सून उडी मारती व्हय? लोक गळ आन् दोरखंड घिऊन धावलं असतं की!"

शेफालीला आधी धक्का बसला आणि मग हसू फुटलं. तोंडावर वही धरून ती हसायला लागली. तिचं बघून सोजरबाईंनाही हसू आवरेना! एकीचं थांबलं की दुसरीचं सुरू. कल्याणीनं दोनदा वळून पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा तीही हसत होती आणि का ते तिला ठाऊक नव्हतं.

खोल्यांच्या मागं निळ्या फरशीचा पोहायचा हौद होता. रविवारी सकाळी साडेसहाला दोघी तिथं उभ्या. भिंतीवर पाटी : पोहण्याचा पोशाख आवश्यक. खोली चार ते सहा फूट.

"यवढ्यात म्हस बी बुडायची न्हाय," सोजरबाई म्हणाल्या. त्यांनी कासोटा आवळला, पदर कमरेला खोचला, चष्मा सुनेच्या हाती दिला.

"आत्या, हळू उतरा हं, पायऱ्या आहेत तिकडं."

आत्या पायऱ्यांकडं गेल्याच नाहीत. चार पावलं मागं सरल्या, वय वर्षं चौसष्ट, आणि धावत येऊन खोल बाजूला उडी घेतली. गुडघे पोटाशी, धप्प! पाणी उसळलं ते हौदाबाहेर. काठावरच्या खुर्चीत सुदर्शनराव पेपर आणि चहा घेऊन बसले होते. पेपरचा लगदा झाला, कपातला चहा पाणचट झाला.

"बाई," ते चष्म्यावरचं पाणी निथळू देत म्हणाले, "माझी आंघोळ झाली होती."

सोजरबाई वर आल्या. नाकात पाणी गेलेलं, खोकताहेत, लुगड्यात हवा भरून चोहीकडं फुगा झालेला आणि मधून त्यांचं डोकं बाहेर. हातपाय पूर्वीसारखे चालेनात. दोन हात मारले की दम लागे. तरी बुडत नव्हत्या! पाण्यानं ओळख ठेवली होती. फुगा दाबावा तर दुसरीकडून वर येई, आणि त्या हसत हसत गोल फिरत होत्या. "आगं बया! आगं आई!" एवढंच तोंडून येत होतं.

आवाजानं माणसं गोळा झाली. एका पोरानं खिशातला फोन खुर्चीवर ठेवला आणि कपड्यानिशी उडी घेतली. मग दोन मुली. मग आणखी चार. साडेसातला कल्याणी सभागृहात गेली तर तिथं नुसत्या सतरंज्या. शोधत ती हौदावर आली, पाहिलं, हातातली फाइल सुदर्शनरावांच्या मांडीवर ठेवली आणि तीही पाण्यात!

शेफाली तेवढी काठावर. तिला पाण्याची भीती. सोजरबाई उथळ बाजूला आल्या, हात पुढं केले. "ये. मी हाय."

ती छातीपर्यंत पाण्यात उतरली. सोजरबाईंनी तिचे दोन्ही हात धरले, पाठीखाली तळवा दिला, "मान सोड" म्हणाल्या. शेफालीनं मान सोडली, पाय तरंगले, आणि एकाएकी तिला रडू कोसळलं.

"आत्या, बाळाचं... तुम्ही माझ्यावर रागावलात ना?"

"मी? तुझ्यावर?" सोजरबाईंचा हात तिच्या पाठीखालून हलला नाही. "मला बोलाय यीना, लेकी. माझं बी एक गेलंय, साईनाथच्या आधी. तवा कुणी बोललं न्हाय माझ्याशी, मंग मला तरी कुठनं यावं? रड तू. इथं सगळ्यांचीच तोंडं वली हायती, कुणाला कळतंय."

शेफाली मनसोक्त रडली. रडता रडता तिच्या लक्षात आलं, आत्यांनी हात कधीच काढून घेतलाय आणि आपण आपल्याच तरंगतोय. ती दचकून किंचाळली, बुडाली, पाणी पिऊन वर आली आणि इतकी हसली की उचकी लागली.

परत आल्यावर सोजरबाईंनी गॅलरीतली खुर्ची उचलून आत नेली. लागलीच दोघी घराजवळच्या पोहण्याच्या तलावावर नाव घालायला गेल्या. खिडकीतल्या माणसानं नऊवारीकडं पाहिलं.

"आजी, विसर्जनाचा हौद पलीकडं."

"मला परत वर यायचं हाय," सोजरबाई म्हणाल्या. "नाव लिहा."

त्यानं मान वर केली, ओठाच्या कडेला हसला आणि लिहिलं. पण पोशाखाचा नियम काही सोडला नाही. म्हणून लक्ष्मी रोडवर पोशाख घ्यायला गेल्या. मनगटापासून घोट्यापर्यंत अंग झाकणारा, काळा. कपडे घालून बघायच्या खोलीत तो डोक्यातून चढवताना मध्येच अडकला. आत्यांचे दोन्ही हात वर, तोंड कापडात, आतून आवाज, "वढ गं, वढ!" शेफाली ओढायचं सोडून जमिनीवर बसून हसायला लागली. बाहेरून दुकानातल्या मुलीनं दार वाजवलं, "मॅडम, सगळं ठीक आहे ना?"

"मोठा द्या!" आतून दोघी ओरडल्या.

साईनाथ म्हणाला, "आई, लोक काय म्हणतील?"

"लोकं भेटत्यात रोज अकराला. इचारून सांगते."

अकराची बायकांची बॅच. महिन्याभरात सोजरबाईंना दोन भाकऱ्यांची भूक लागायला लागली, आणि चौघी मैत्रिणी झाल्या. दत्तोबांची आठवण येई, नाही असं नाही. मग त्या शेफालीला हाक मारून सांगत, आज लई आठवण झाली. तीही शेजारी बसून आपलं सांगे. शनिवारी शेफाली तलावावर येई, आणि दिवाळीपर्यंत एका दमात ती आडवा तलाव पार करायला लागली.

दिवाळीआधी तिथं बायकांच्या स्पर्धा झाल्या. साठीच्या पुढच्या गटात चौघीजणी. शिट्टी वाजली. सोजरबाई निम्म्यापर्यंत पहिल्या होत्या. मग काठावर साईनाथ दिसला. कामधाम सोडून आलेला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, "आई, मार हात! आई!" म्हणून बेंबीच्या देठापासून ओरडत असलेला. त्याला हात करायला त्या थांबल्या, हसू आलं, पाणी तोंडात गेलं आणि तिघी पुढं निघून गेल्या.

शेवटून पहिल्या आलेल्या सोजरबाईंनी कठडा धरला, टोपी मागं सारली आणि घड्याळ धरून उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, "पुन्यांदा कवा हाय?"